व्हॉट्सॲप-फेसबुकवर आपली ओळख कशी जपावी? कोकणातल्या कुटुंबांसाठी पायरीवार माहिती

गावाकडच्या घरात बहुतेक वेळा एकच मोबाइल नंबर सगळ्याला पुरतो. बँकेत तोच, आधारला तोच, गॅसच्या बुकिंगला तोच, वाडीच्या ग्रुपमध्ये तोच, आणि आंब्याच्या पेटीवर किंवा होमस्टेच्या पाटीवर छापलेलाही तोच. हा नंबर, त्यावरचा फोटो आणि त्याच नावाचं फेसबुक खातं ही तिन्ही ज्याच्या हाती लागली, त्याला तुमच्या नावाने वावरायला आणखी फारसं काही लागत नाही.

बनावट खातं उघडणाऱ्याला तुमचा पासवर्ड नको असतो. तो तुमचा प्रोफाइल फोटो उतरवून घेतो, त्याच नावाने नवं खातं काढतो आणि तुमची मित्रयादी उघडी असेल तर त्यातल्या एकेकाला रिक्वेस्ट पाठवतो. ‘जुनं खातं बंद पडलं असेल’ असं समजून काही जण ती स्वीकारतात. दुसऱ्या दिवशी मेसेज जातो: ‘दवाखान्यात आहे, वीस हजार पाठव, संध्याकाळी परत करतो.’ मुंबईतला चुलत भाऊ पैसे पाठवून मोकळा होतो, कारण गावच्या माणसाला अडचणीत नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही. यात कुठलंही कुलूप तुटलेलं नाही. नाव, फोटो, नातेवाईक, सगळं उघड्यावरच होतं. त्याने फक्त तुकडे जुळवले.

खालच्या सगळ्या पायऱ्या हे तुकडे एकमेकांपासून लांब ठेवण्यासाठी आहेत. क्रम शक्यतो बदलू नका. सिम आणि ईमेल भक्कम नसेल तर फेसबुकवर कितीही सेटिंग केलंत तरी ते मागच्या दाराने उघडता येतं.

आधी हाताशी काय घ्याल

- तुमचा फोन आणि घरातला आणखी एक फोन. बाहेरच्याला तुमचं खातं कसं दिसतं ते दुसऱ्या फोनवरून तपासायचं आहे.
- फोनमध्ये चालू असलेल्या ईमेलचा पासवर्ड. फोन दुकानदाराने सुरू करून दिला असेल तर ईमेलही त्यानेच काढलेला असतो आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. तो आजच बदला.
- आधारला जोडलेला नंबर, ओटीपी येईल अशा स्थितीत.
- एक वही. पिन आणि रिकव्हरी कोड (फोन हरवला तर खात्यात शिरायला मिळणारे राखीव कोड) कागदावर लिहून कपाटात ठेवा. फोनच्या गॅलरीत त्यांचा फोटो काढून ठेवू नका.
- दीड-दोन तास, आणि घरात जिथे रेंज टिकते ती जागा.

मेन्यूची नावं ॲप अपडेट झालं की इकडची तिकडे होतात. नाव सापडलं नाही तर सेटिंग्जमधल्या शोधाच्या रकान्यात ‘प्रायव्हसी’ असा शब्द इंग्रजीत टाइप करा. फोन मराठीत असेल तर ‘गोपनीयता’ शोधा.

१. सिम कोणाच्या नावावर आहे ते बघा

आईच्या फोनमधलं सिम मुलाच्या नावावर, आजोबांचं सिम दुकानदाराने कोणाच्या तरी कागदावर काढलेलं, हे सर्रास दिसतं. नंबर हातातून गेला तर ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच तो परत मिळतो, म्हणून वापरणाऱ्याच्या नावावरच सिम हवं.

दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत त्यांची यादी दिसते. अनोळखी नंबर दिसला तर ‘नॉट माय नंबर’ निवडून तक्रार नोंदवा. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ जोडण्या चालतात, त्यामुळे एखादी भलतीच जोडणी वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

दुसरी खबरदारी बंद पडलेल्या जुन्या नंबराची. रिचार्ज न केल्याने नंबर बंद झाला की किमान ९० दिवसांनी कंपनी तो दुसऱ्या माणसाला देऊ शकते. तुमचं फेसबुक त्याच जुन्या नंबरावर असेल तर पासवर्ड विसरल्याचा ओटीपी त्या नव्या माणसाला जाईल. गावात रेंज नाही म्हणून एका कंपनीचं सिम टाकून दुसऱ्या कंपनीचं घेतलं असेल, तर फेसबुक, इन्स्टाग्राम, ईमेल आणि बँक या चारही ठिकाणी कोणता नंबर आहे ते एकदा उघडून बघाच.

आणि हे खास आपल्याकडचं. पावसाळ्यात टॉवर बंद पडतो, दोन दोन दिवस रेंज नसते, आणि आपण ते मनावर घेत नाही. पण कोणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं तरी तुमच्या फोनवर नेमकं हेच दिसतं: ‘नो सर्व्हिस’. फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन त्याच जागी धरा. त्याला रेंज आहे, तुमच्याला नाही, आणि फोन बंद करून चालू केल्यावरही येत नाही, तर पाऊस थांबायची वाट बघू नका. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला आणि लगेच बँकेला कळवा.

२. व्हॉट्सॲप

सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण गावात खरी ओळख व्हॉट्सॲपवरूनच पटते.

*सहा आकडी पिन.* सेटिंग्ज, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन ठेवा आणि खाली ईमेल नक्की जोडा. जन्मतारीख, गाडीचा नंबर किंवा १२३४५६ असा पिन ठेवू नका. ईमेल न जोडता पिन विसरलात तर ७ दिवस थांबावं लागतं. हा पिन असला की तुमचा ओटीपी कोणी गोड बोलून काढून घेतला तरी त्याचं गाडं पुढे सरकत नाही.

*लिंक्ड डिव्हायसेस.* ही यादी आज उघडून बघा. सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना तिथल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडलं जातं, प्रिंट हातात आली की आपण निघतो आणि ते तसंच चालू राहतं. नंतर त्या खुर्चीवर बसणारा प्रत्येक माणूस तुमचे मेसेज वाचू शकतो. जे यंत्र ओळखीचं नाही त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे आठ अक्षरांचा कोड. व्हॉट्सॲप दुसऱ्या यंत्राला जोडायला क्यूआर कोडऐवजी आठ अक्षरी कोडही चालतो. ‘मतदानासाठी’, ‘फोटो बघण्यासाठी’, ‘बक्षिसासाठी’ असं सांगून कोणी तुम्हाला हा कोड व्हॉट्सॲपमध्ये टाकायला लावला, तर ते तुमचं खातं त्याच्या कॉम्प्युटरला जोडणं आहे. तुमच्या फोनवर सगळं नेहमीसारखं चालत राहतं, म्हणून संशयही येत नाही.

*कॉल फॉरवर्ड.* कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचं सांगून कोणी २१ किंवा ४०१ या आकड्यांभोवती चांदण्या आणि पुढे एक मोबाइल नंबर असलेला कोड डायल करायला सांगितला, तर डायल करू नका. त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. व्हॉट्सॲपचा ओटीपी कॉलवरूनही मिळतो, तो मग त्यालाच ऐकू येतो. चुकून केलं असेल तर ##००२# डायल करा. सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

*कोणाला काय दिसावं.* सेटिंग्ज, मग प्रायव्हसी. प्रोफाइल फोटो, लास्ट सीन, अबाउट आणि स्टेटस ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेवा. ‘ग्रुप्स’मध्येही तेच निवडा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला थेट शेअर बाजाराच्या ग्रुपात ओढू शकणार नाही. कॉल्समध्ये ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ चालू करा. ज्यांचा धंदा नव्या गिऱ्हाइकांच्या कॉलवर चालतो त्यांनी हे धंद्याच्या नंबरावर करू नये, नाहीतर ऐन हंगामात ऑर्डर हुकतील.

*वाडीचा ग्रुप.* तीनशे जणांचा ग्रुप म्हणजे तीनशे जणांना तुमचा नंबर दिसतो. त्यात गावदेवीच्या जत्रेच्या वेळी आलेला मंडपवाला असतो आणि दहा वर्षांपूर्वी बदली झालेला कर्मचारीही असतो. ॲडमिन असाल तर ग्रुपची लिंक फेसबुकवर टाकू नका. गाव सोडून गेलेल्यांचे नंबर वर्षातून एकदा तरी चाळा. एखादा नंबर आता भलत्याच माणसाकडे गेलेला असू शकतो. देवस्थानची वर्गणी, मयताची खबर, कोणाच्या घरात कोण आजारी, हे सगळं याच ग्रुपात जातं, म्हणून ही राखण ॲडमिनचीच.

*पत्रिकेच्या नावाने येणारी फाइल.* लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येते. ती फोटो किंवा पीडीएफ असते. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे; ते बसवलं की तुमचे एसएमएस, म्हणजेच ओटीपी, दुसरीकडे जाऊ लागतात. वाहनाचं चलन, बँकेचं केवायसी किंवा शेतकरी योजनेची यादी या नावांनीही अशाच फाइली फिरतात. पाठवणारा तुमचा मामा असला तरी उघडू नका, कारण मामांचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. मामांना साधा फोन लावून विचारा.

३. फेसबुक

फेसबुकवर पहिलं काम मित्रयादी बंद करण्याचं. सेटिंग्जमध्ये ‘हू कॅन सी युअर फ्रेंड्स लिस्ट’ शोधा आणि ‘ओन्ली मी’ करा. वर सांगितलेली फसवणूक या एका सेटिंगने बरीचशी अडते. बनावट खातं उघडता येतं, पण रिक्वेस्ट कोणाला पाठवायची ते त्याला कळत नाही.

नंतर ही कामं:

- जन्मवर्ष लपवा. दिवस आणि महिना दिसला तर शुभेच्छा येतात, वर्ष कोणालाच लागत नाही. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. कोणाला आधारची फाइल पाठवली असेल आणि जन्मवर्ष फेसबुकवर असेल, तर त्या फाइलला कुलूपच नाही.
- ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ वापरा. आजवर सगळ्या जगाला दिसणाऱ्या जुन्या पोस्ट एका झटक्यात मित्रांपुरत्या होतात.
- फोन नंबर आणि ईमेलवरून तुम्हाला कोण शोधू शकतं, तिथे ‘ओन्ली मी’ किंवा ‘फ्रेंड्स’ ठेवा.
- टॅगचा ‘रिव्ह्यू’ चालू करा, म्हणजे पुतण्याने टॅग केलेला फोटो तुम्ही हो म्हटल्याशिवाय तुमच्या भिंतीवर येणार नाही.
- प्रोफाइल लॉक करा. मित्र नसलेल्याला मग तुमच्या पोस्ट दिसत नाहीत आणि फोटो मोठा करून बघता येत नाही. नाव आणि छोटा फोटो मात्र दिसतच राहतो, म्हणून लॉक केलं की बाकी काही नको असं समजू नका.

झाल्यावर दुसरा फोन घ्या. तुमच्याशी मैत्री नसलेल्या खात्यातून स्वतःचं नाव शोधा. जे दिसतं तेच बाहेरच्याला दिसतं. सेटिंगच्या पानावर काय लिहिलंय यापेक्षा यावर विश्वास ठेवा.

इन्स्टाग्रामसाठी थोडक्यात: खातं ‘प्रायव्हेट’ करा, ‘ॲक्टिव्हिटी स्टेटस’ बंद करा, टॅग फक्त ओळखीच्यांना करू द्या. मुलांनी जन्मवर्ष खोटं टाकून वय वाढवलं असेल तर ते दुरुस्त करा, कारण अल्पवयीनांच्या खात्यांना मिळणारी जादा बंधनं त्या खोट्या वर्षामुळे निघून जातात. स्नॅपचॅटच्या नकाशावर ‘घोस्ट मोड’ ठेवा.

४. ईमेल, पासवर्ड आणि दुसरी पायरी

ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलतात. ईमेलला वेगळा, लांब पासवर्ड हवा. चार-पाच असंबद्ध शब्दांची माळ सोपी पडते: झाडाचं नाव, भांड्याचं नाव, एखादा आकडा. मुलाचं नाव आणि वर्ष असा पासवर्ड फेसबुक चाळूनच ओळखता येतो.

दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, लावताना एसएमएसपेक्षा ‘ऑथेंटिकेटर’ ॲप घ्या. कोकणात त्याचा फायदा दुहेरी आहे. सिम पळवणाऱ्याला ते कोड मिळत नाहीत, आणि घाटात किंवा खाडीपलीकडे रेंज नसतानाही ते चालतं, कारण कोड फोनमध्येच तयार होतो. फक्त फोनची वेळ ‘ऑटोमॅटिक’वर असू द्या, घड्याळ मागेपुढे असेल तर कोड चुकीचा ठरतो. फेसबुक आणि गुगल दहा-दहा रिकव्हरी कोड देतात, ते वहीत उतरवा. फोन समुद्रात पडला तर तेवढाच आधार उरतो.

५. फोटो टाकण्याआधी तो मोठा करून बघा

गणपतीत पडवीत काढलेला एक फोटो डोळ्यांसमोर आणा. मधे मखर, बाजूला घरातली माणसं. आता दोन बोटांनी तो मोठा करा. खिळ्याला अडकवलेलं महावितरणचं बिल आहे, त्यावर नाव, पत्ता आणि १२ आकडी ग्राहक क्रमांक. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ असा मेसेज करणाऱ्याला एवढं पुरतं, कारण खरा ग्राहक क्रमांक वाचून दाखवला की कोणाचाही विश्वास बसतो. दाराशेजारी खुंटीवर मागल्या दाराची किल्ली लटकते आहे. स्पष्ट फोटोवरून किल्लीचे दात मोजता येतात. मुलीच्या शर्टावर शाळेचा बिल्ला, खळ्यात उभ्या गाडीची नंबरप्लेट. आणि फोटोखाली ओळ: ‘सात दिवस बाप्पा, मग पुन्हा मुंबई!’ म्हणजे आठव्या दिवसापासून घराला कुलूप, हेही सांगून झालं.

फोटो टाकू नका असं कोणी म्हणत नाही. बिल आणि किल्ली काढून फोटो काढा, कडा कापा, आणि जाण्यायेण्याच्या तारखा लिहू नका. प्रवासाचे फोटो घरी परतल्यावर टाका. मुंबईतलं घर बंद करून गावी येणाऱ्या चाकरमान्यांना हेच उलट्या बाजूने लागू आहे: स्टेशनावरचा फोटो तिकडच्या रिकाम्या घराची खबर देतो. तिकिटाचा फोटो तर नकोच, त्यावरच्या पीएनआरवरून गाडी, तारीख आणि डबा कोणालाही बघता येतो.

फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. फेसबुकवर टाकताना किंवा व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवताना ते निघून जातात, पण व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलात तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन टॅग’ बंद केलं की हा प्रश्नच मिटतो.

६. आधार, सातबारा आणि बाकीचे कागद

सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो, तो लपवता येणार नाही. म्हणूनच त्याच्या जोडीला आधार, सही आणि फोटो एकत्र बाहेर जाऊ देऊ नका. जमीन बघायला आलेल्या एजंटाने ‘पार्टीला दाखवायला’ म्हणून आधार आणि पॅन व्हॉट्सॲपवर मागितलं तर देऊ नका. बोलणी पक्की होऊन वकील मधे आल्याशिवाय त्याला त्यांची गरज नाही.

द्यावंच लागलं तर ‘मास्क्ड आधार’ द्या. माय आधार संकेतस्थळावर ओटीपीने आत जा, ‘डाउनलोड आधार’ निवडा, ‘मास्क्ड’च्या चौकोनात खूण करा. बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले येतात, शेवटचे चार दिसतात. छापील प्रतीवर आडवी रेघ मारून ‘फक्त अमुक कामासाठी’ असं लिहा आणि तारीख घाला. अक्षरं फोटोवरून आणि क्रमांकावरून गेली पाहिजेत. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.

बायोमेट्रिक कुलूपही लावून ठेवा. दस्त नोंदणीच्या कागदावरचे अंगठ्याचे ठसे वापरून आधारच्या आधारे खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत, आणि कोकणात जमिनीचे दस्त कमी होत नाहीत. हे कुलूप आधारच्या अधिकृत ॲपवरून लागतं. मात्र ते लावलेलं असताना रेशन दुकानात अंगठा उमटत नाही आणि पेन्शनचा हयातीचा दाखलाही अडतो. त्या दिवशी दुकानात जाऊन तात्पुरतं उघडा. थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा बंद होतं. घरातल्या वृद्धांना हे समजावून सांगा, नाहीतर रांगेत उभं राहून त्यांना रिकाम्या पिशवीनं परतावं लागेल.

प्रिंट काढायला कागद दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवण्याची सवय मोडा. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तरी कॉम्प्युटरवर उतरलेली फाइल तिथेच राहते. पेन ड्राइव्ह न्या, समोर बसून प्रिंट घ्या आणि फाइल पेन ड्राइव्हवरूनच उघडायला सांगा.

७. आंबा, मासळी, होमस्टे: ज्यांचा नंबर जगजाहीर असावाच लागतो त्यांच्यासाठी

तुम्हाला लपून चालणार नाही. म्हणून दोन नंबर ठेवा. पेटीवर, पाटीवर आणि फेसबुक पेजवर छापायचा एक. बँक आणि आधारला जोडलेला दुसरा, जो घराबाहेर कोणालाच माहीत नसावा. वेगळं सिम आणि व्हॉट्सॲप बिझनेस एवढाच काय तो खर्च. यूपीआय आयडी मोबाइल नंबरावरून आपोआप बनलेला असेल तर ॲपमध्ये दुसरा आयडी बनवा आणि त्याचाच क्यूआर लावा.

हापूसच्या हंगामात दुसऱ्याच्या बागेचे फोटो उचलून ॲडव्हान्स गोळा करणारी पेजेस उगवतात. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता त्याच्या प्रमाणपत्रांचे फोटोही असेच उचलले जातात. फोटोवर आपलं नाव आणि नंबर फळाच्या मधोमध टाका. मार्च उजाडला की आपल्या बागेच्या नावाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गुगल मॅपवर आठवड्याला एकदा शोध घ्या. गुगलवरची नोंद स्वतः ताब्यात घ्या. ती मोकळी राहिली तर दुसरा कोणी त्यावर आपला फोन नंबर सुचवू शकतो, आणि तारकर्लीचं बुकिंग भलतीकडेच जातं.

खोलीचं बुकिंग करताना सैन्यातला अधिकारी असल्याचं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवायचा, आणि ‘ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणायचं, ही जुनी चाल अजून चालते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ते ओळखपत्रही बहुधा आधी फसलेल्या कोणा जवानाचंच असतं.

पाहुण्यांची ओळखपत्रं हीसुद्धा तुमच्याकडची ठेव आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. घेतलेली माहिती त्याच कामापुरती वापरायची आणि काम संपल्यावर काढून टाकायची, हे त्याचं मूळ सूत्र. नोंदवहीत आवश्यक तेवढं लिहा, आणि व्हॉट्सॲपवर आलेले आधारचे फोटो पाहुणे गेल्यावर पुसा. गॅलरीतून पुसले तरी गुगल फोटोजच्या बॅकअपमध्ये आणि तिथल्या ‘ट्रॅश’मध्ये आहेत का तेही बघा.

८. बिघडलंच तर, या क्रमाने

*पैसे गेले असतील* तर सगळ्यात आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. नातेवाइकांना विचारत बसू नका. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तर परत मिळण्याची शक्यता जास्त असते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचं नाव हाताशी ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार.

*बनावट खातं दिसलं* तर आधी त्याची लिंक कॉपी करा आणि स्क्रीनशॉट घ्या, मगच रिपोर्ट करा. उलट केलंत तर खातं गायब होतं आणि पुरावाही जातो. नावाचा स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण एकाच नावाची शंभर खाती असतात, लिंक हवीच. प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांमध्ये ‘रिपोर्ट’, मग ‘दुसऱ्याचं सोंग घेतलं आहे’ या अर्थाचा पर्याय, मग ‘मी’. त्याच वेळी वाडीच्या ग्रुपात आणि स्टेटसला साध्या शब्दांत टाका: ‘माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका, मला फोन करा.’

*व्हॉट्सॲप गेलं* तर आपल्या फोनवर पुन्हा नंबर टाकून एसएमएसचा कोड भरा. त्या क्षणी दुसरा बाहेर पडतो. त्याने पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला ७ दिवस थांबावं लागेल, पण त्यालाही आत राहता येत नाही.

*खासगी फोटोवरून धमकी आली* तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. मेसेज पुसू नका. ‘स्टॉप एनसीआयआय’ या संकेतस्थळावर फोटो न पाठवता त्याचा आकडी ठसा तयार होतो आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या तो फोटो अडवतात. पीडित व्यक्ती अठराच्या आतली असेल तर ‘टेक इट डाउन’ ही तशीच वेगळी सेवा आहे. घरच्यांनी आधी ‘तू असा फोटो काढलासच का’ हे विचारू नये. त्या भीतीनेच मुलं गप्प बसतात, आणि धमकावणाऱ्याला तेच हवं असतं.

पोलिसांकडे जाताना दूरक्षेत्रात न थांबता मुख्य पोलीस ठाण्यात जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो. दुसऱ्याची ओळख वापरणं कलम ६६सी खाली, आणि सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं ६६डी खाली येतं; दोन्हीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तुम्ही मुंबईत आणि गुन्हा गावच्या हद्दीत, अशी स्थिती असली तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतली जाणारी तक्रार, नोंदवता येतो. सोबत न्या: लिंक आणि स्क्रीनशॉटच्या छापील प्रती, १९३० कडून मिळालेला तक्रार क्रमांक, बँकेचं विवरण, आपलं ओळखपत्र, आणि मूळ फोन. तो तोवर फॉरमॅट करू नका, दुरुस्तीलाही देऊ नका.

९. घरातलं माणूस गेल्यावर

हे कोणाच्या लक्षात राहत नाही. फोटो, पूर्ण नाव, गाव आणि दिवसकार्याची तारीख असलेला मेसेज सगळीकडे फिरतो, आणि गेलेल्या माणसाचं खातं उघडंच राहतं. फेसबुकला मृत्यूचा दाखला पाठवून ते खातं ‘स्मृती खातं’ करता येतं किंवा काढून टाकता येतं. तोवर त्याची मित्रयादी बघणाऱ्या प्रत्येकाला सगळं गणगोत दिसतं. फोन मुलाला वापरायला देण्याआधी त्यातून सगळी खाती लॉग आउट करा. आणि सिम रिचार्जविना बंद पडू देऊ नका. आधी बँक, गॅस, वीज आणि वारसाच्या कागदांवरचा नंबर बदलून घ्या, मग सिम स्वतःच्या नावावर करा किंवा कंपनीला परत द्या.